दवबिंदूची जागा

नकाशावरचा तो ठिपका माझा होता. पाच वर्षांपूर्वी मीच तो टाकला होता, आणि आज त्या ठिपक्यावर चौदा माणसं आणि दोन कुत्री माझ्या बाबांना शोधत होती.

इन्स्पेक्टरसाहेबांचा फोन सकाळी साडेनऊला आला. मी विचारलं, "पण तुम्ही नेमके आहात कुठे?"

"तुमच्याच रेकॉर्डवर," ते म्हणाले. "वडील त्या किडे खाणाऱ्या झाडाकडे गेलेत असं तुम्हीच म्हणालात ना? आम्ही तुमच्या हर्बेरियमची वेबसाइट उघडली. दवबिंदू, गोळा करणारे तुमचे वडील, खाली नकाशा, नकाशावर ठिपका. काल दुपारपासून ठिपक्यावर आहोत. बटाट्याचं शेत आहे बाई हे. दलदल सोडा, साधा चिखल नाही."

मी खुर्चीत बसले आणि त्यांना समजावून सांगू लागले, आणि सांगतानाच माझं मला ऐकवेना.

आमच्याकडे वाळवलेल्या वनस्पती जाड कागदावर चिकटवून ठेवतात. एक झाड, एक शीट. कोपऱ्यात लेबल: नाव, तारीख, जागा, गोळा करणाऱ्याचा नंबर. चाळीस हजार शीट्स, आणि त्यांच्या नोंदी कॉम्प्युटरवर चढवणारी मी एकटी. आता दवबिंदू हे फार देखणं प्रकरण आहे. रुपयाएवढी लाल पानं, पानांवर केस, केसांच्या टोकाला चिकट थेंब. किडा बसला की संपला. अशा झाडांवर चोर टपलेले असतात. जागा कळली की एका रात्रीत दलदल साफ. म्हणून या कुळाची नेमकी जागा जगाला सांगायची नाही, असा आमचा नियम. दहा किलोमीटर लांबरुंद चौकोन घ्यायचा आणि त्याच्या बरोब्बर मध्यावर ठिपका ठेवायचा. ठिपक्याखाली काही नसतं. ठिपका म्हणजे फक्त "इथेच कुठेतरी".

नियम बाबांनी घातलेला, ते आमचे प्रमुख होते तेव्हा. आपलेच दात, आपलेच ओठ.

"म्हणजे शंभर चौरस किलोमीटर," इन्स्पेक्टर म्हणाले. "बाई, डॉक्टर काय म्हणाले ते ठाऊक आहे ना तुम्हाला?"

ठाऊक होतं. बाबा शहात्तर वर्षांचे. परवा सकाळी निघाले ते अंगात एक स्वेटर घालून. दोन रात्री बाहेर काढल्या होत्या, आणि रात्री पारा शून्याकडे घसरत होता. आज अंधाराच्या आत सापडले तर सापडले. तिसरी रात्र या वयाचा माणूस काढत नाही, असं डॉक्टरांनी मला तोंडावर सांगितलं होतं.

आणि ते माझ्या डोळ्यांदेखत गेले होते. गेलं वर्षभर त्यांचं विसरणं वाढत चाललं होतं. चष्मा फ्रीजमध्ये, किल्ली साखरेच्या डब्यात. परवा दारात उभे राहून म्हणाले, "कारकूनबाई, मी जरा माझ्यांना बघून येतो." मला ते लाडात असले की कारकूनबाई म्हणत. मी डबा भरत होते, उशीर झाला होता. मला वाटलं, बागेतल्या कुंड्या. मी मान वर न करता म्हटलं, "या, पण जेवायला वेळेवर या. रोज रोज मी गरम करत बसणार नाही." हे माझे शब्द. ते आठवले की आजही माझी मला चीड येते.

त्यांच्या कपाटातल्या एकतीस डायऱ्यांपैकी एक जागेवर नव्हती. अठ्ठावीस वर्षांपूर्वीची. त्या वर्षी त्यांनी एकच दवबिंदू गोळा केला होता, नंबर २११७. त्यामुळे ते कशाकडे गेलेत हे मला कळलं होतं. कुठे, ते नव्हतं कळलं; ठिपका टाकतानाही बाबांनी मला फक्त चौकोनाचा नंबर दिला होता. ते त्यांनी बायकोला सांगितलं नाही, मुलीला सांगितलं नाही, आणि आता डायरीही सोबत नेली होती.

मी २११७ची शीट टेबलावर काढली. लेबलावर बाबांचं मुंगीच्या पावलांसारखं अक्षर: तारीख, आणि पुढे "दलदल, शेवाळात". बस्स.

आमच्याकडे शीट्स चिकटवणाऱ्या एक बाई आहेत. तीस वर्षं त्यांच्या बोटांना गोंद आहे, म्हणून सगळे त्यांना गोंदमावशी म्हणतात. त्या माझ्या खांद्यावरून डोकावल्या.

"रडून काय होणारे?" त्या म्हणाल्या. "शेजारी बघ ना. तुझ्या बापानेच नाही का शिकवलं, माणूस खोटं बोलला तर शेजाऱ्याला विचारावं?"

मला ते सुचलं नव्हतं, आणि धंदा माझा. गोळा करणारा माणूस दिवसभरात जे जे उपटतो त्याला ओळीने नंबर देत जातो. दवबिंदूची जागा लपवतील. पण त्याच दिवशी, त्याच वाटेवर आधी उपटलेलं गवत कोण लपवेल? २११६ आणि २११८ सापडले की दवबिंदू मधोमध. अडचण एवढीच, की शीट्स झाडाच्या नावाने लावलेल्या असतात, माणसाच्या नंबराने नाही. आणि गवतं अजून मी कॉम्प्युटरवर घेतलीच नव्हती. कंटाळवाणी म्हणून मागे ठेवली होती.

आम्ही दोघींनी कपाटं उघडली. गवतांच्या अकरा हजार शीट्स. मावशी खालच्या खणांशी, मी शिडीवर. नंबर बघायचा, शीट उलटायची. नंबर बघायचा, शीट उलटायची. पहिल्या तासात मी हळुवार उलटत होते. दुसऱ्या तासात वाळकी पाती तुटून जमिनीवर पडायला लागली, आणि मला त्याचं काहीही वाटेना. शंभर वर्षांपूर्वीच्या कुणाचं तरी गवत. पडू दे.

साडेअकराला मला २११६ सापडला. "नदीकाठ, जुन्या पुलाच्या दक्षिणेस." चौकोनाच्या आतच. मी शिडीवरूनच फोन लावला. इन्स्पेक्टरांनी "निघालो" म्हटलं आणि मला इतकं बरं वाटलं की मी शिडीवरच हमसून रडले.

पाऊण वाजता, गवतं सोडून नेच्यांच्या खणाकडे वळलेल्या मावशींनी हाक मारली. त्यांच्या हातात २११८ होता. त्याच तारखेचा. "डोंगरापलीकडे, खिंडीच्या उत्तर उतारावर."

म्हणजे चाळीस किलोमीटरवर. त्याच दिवशी. बाबांकडे तेव्हा सायकल होती, पंख नव्हते.

मी दोन्ही शीट्स शेजारी ठेवून बघत बसले. नंबर चुकला असेल? बाबा नंबर चुकणाऱ्यातले नाहीत. एकदा एका शीटवर माझा सातचा आकडा एकासारखा दिसला म्हणून त्यांनी मला सगळ्या ऑफिससमोर झापलं होतं, मुलगी म्हणून जरा जास्तच. मग माझ्या डोक्यात प्रकाश पडला. शेजारच्या नंबराची युक्ती त्यांनीच मला शिकवली, तर चोरालाही ती सुचेल हे त्यांना कळणार नाही का? त्यांनी मुद्दाम दोन्ही शेजारी खोटे लिहिले होते. लेबलावरचं एक चुकीचं अक्षर सहन न होणाऱ्या माणसाने एका टीचभर झाडासाठी दोन लेबलं ठार खोटी लिहिली होती. मी मागच्या दारानेच येणार, म्हणून त्यांनी ते दारही आधीच लावून घेतलं होतं.

मी इन्स्पेक्टरांना पुन्हा फोन केला. "पूल सोडा. तिथे नाहीत ते."

"बाई," ते म्हणाले, आणि त्यांचा तोल गेला, "एकदा काय ते ठरवा! माझी माणसं कमरेइतक्या पाण्यात उभी आहेत. डोंगराच्या आडोशाला पाचलाच अंधार पडतो. कुठे जाऊ, सांगा!"

मी फोन ठेवला आणि टेबलावर डोकं आपटलं. हे मी खरोखर केलं. आभाळच फाटलं तर ठिगळ कुठे लावणार? हजारो झाडांच्या जागा मला तोंडपाठ सांगता येतात, आणि माझा बाप कुठल्या चिखलात मरतोय ते मला माहीत नव्हतं. मी बाबांना शिव्या दिल्या. मोठ्याने दिल्या. मावशींनी त्या ऐकून घेतल्या आणि मग शांतपणे म्हणाल्या, "झालं? आता तो दवबिंदू दे इकडे."

"लेबलावर काही नाही, मावशी."

"लेबल मसणात गेलं. मी झाड मागतेय."

त्यांनी शीट सूक्ष्मदर्शकाखाली सरकवली आणि चष्मा कपाळावर ढकलून वाकल्या. वाळला तरी दवबिंदू आपला चिकटपणा सोडत नाही. कागदावर त्याच्या भोवती जांभळा डाग पडतो आणि पानांवर मेलेले डास, चिलटं तशीच राहतात. बाकी झाडं फक्त स्वतःची साक्ष देतात. या झाडावर मात्र त्या दिवशी हवेत जे जे होतं ते सगळं बसलेलं असतं.

"हे मीच चिकटवलं होतं," मावशी म्हणाल्या. "केवढा ओरडला होता तुझा बाप. मी म्हटलं, साहेब, ही घाण काढते चिमट्याने. तर म्हणाला, हात लावलास तर बघ. ये, बघ."

मी बघितलं. लाल केसांमध्ये चिलटांचे पंख, आणि त्यांच्यात गुंतलेले बारीक तंतू. निळे. एका पानावर नाही, सगळ्या पानांवर.

"लोकर आहे ही," मावशी म्हणाल्या. त्यांचा आवाज बदलला होता. "ब्लँकेटच्या गिरणीची. अगं, माझी आई होती तिथे कामाला. हॉस्पिटलची निळी ब्लँकेटं बनायची. आमचे केस निळे, जेवण निळं, शेंबूडसुद्धा निळा. मागच्या विहिरीपर्यंत कपडे वाळत घातले की त्यांच्यावर निळी लव बसायची. विहिरीपलीकडे घातले की स्वच्छ."

"विहिरीपलीकडे काय होतं?"

"काय असणार? गिरणीच्या सांडपाण्याचा ओढा. आणि अलीकडे, दोनशे पावलांवर पाणथळ, जिथे आम्हाला जायला बंदी होती."

गिरणी बंद पडून वीस वर्षं झाली होती. मी नकाशा उघडला. ती चौकोनाच्या ईशान्य कोपऱ्यात होती, माझ्या ठिपक्यापासून सहा किलोमीटरवर. काखेत कळसा आणि गावाला वळसा, तो असा. अठ्ठावीस वर्षं ही शीट माझ्या खुर्चीच्या पाठीमागच्या कपाटात होती.

मी इन्स्पेक्टरांना जागा सांगितली. चौकोन नाही, मध्य नाही, "इथेच कुठेतरी" नाही. गिरणीची मागची भिंत, विहीर, विहिरीपासून अलीकडे दोनशे पावलं. त्यांनी ती वायरलेसवर मोठ्याने सगळ्यांना वाचून दाखवली आणि मला ती फोनमधून ऐकू आली. बावीस वर्षांच्या नोकरीत मी पहिल्यांदा जागा सांगितली होती.

मी टॅक्सीने पोचले तेव्हा साडेतीन झाले होते. भिंतीच्या मागे लव्हाळ्यांनी भरलेला एक सखल तुकडा होता, दोन फुटबॉलची मैदानं होतील एवढा. त्याच्या काठावर बाबांचे बूट होते. एकमेकांना लावून ठेवलेले, आत मोजे घडी घालून. दलदलीत ते नेहमी अनवाणी उतरत. बुटाखाली काय येईल ते सांगता येत नाही, म्हणत.

चौदा माणसं मात्र बुटांनीच उतरली होती. त्यांच्या पावलांच्या खड्ड्यांत पाणी भरलं होतं आणि पाण्यावर छोटी लाल पानं तरंगत होती. मला ती दिसली. मी बघितलं आणि नजर काढून घेतली.

"आजोबा!" माणसं ओरडत होती. "ओ आजोबा! ओ द्या!" कुत्री पाण्याच्या कडेला गोल गोल फिरत होती. पाऊण तास झाला. लव्हाळे डोक्याएवढे उंच आणि इतके दाट, की हातभर अंतरावरचा माणूस दिसेना. चार वाजून गेले, उजेड पिवळा पडायला लागला.

इन्स्पेक्टर माझ्याजवळ आले. त्यांचा आवाज आता मऊ होता, आणि त्याचीच मला भीती वाटली. "बाई, इतक्या हाकांना ओ नाही, म्हणजे... तुम्ही गाडीत बसा. आम्ही बघतो."

"नाही," मी म्हटलं. "ते ऐकताहेत. ते लपलेत."

"कुणापासून?"

"आपल्यापासून. चौदा माणसं फावडी घेऊन आलीत. ती दवबिंदू चोरायला आलीत असं वाटलंय बाबांना." बोलता बोलता मला खात्री पटत गेली. "सगळ्यांना गप्प करा. कुत्र्यांनापण."

मी "बाबा" म्हणून हाक मारणार होते. पण मला ठाऊक होतं की गेले चार महिने ते अधूनमधून मला ओळखत नव्हते. हाकेला ओ देणारा माणूस त्यांच्यात उरला असेल की नाही, सांगता येत नव्हतं. काय उरलं असेल? आईच्या तेराव्या दिवशीसुद्धा एका पाहुण्याने अंगणातल्या झाडाचं नाव चुकीचं घेतलं तेव्हा डोळे पुसत असलेल्या बाबांनी रडणं थांबवून ते दुरुस्त केलं होतं.

मी पाण्यात उतरले. गुडघ्यापर्यंत थंडी चावत गेली. मी ऑफिसातल्या आवाजात, नोंद वाचून दाखवावी तशी ओरडले:

"लिहून घ्या! या दलदलीतला दवबिंदू लांब पानांचा आहे!"

काही नाही. वारा, लव्हाळे.

"पानं लांबट! चमच्यासारखी! गोल पानांचा दवबिंदू इथे नाही, कधी नव्हता! आधीची नोंद चुकीची आहे, खोडून टाका!"

मी थांबले. कुणी खोकलं नाही. माझे दात वाजत होते आणि मनात मी कुणाकुणाला काय काय कबूल करत होते ते लिहिण्यासारखं नाही.

डावीकडून, वीस पावलांवरून, एक घोगरा, बारीक, संतापलेला आवाज आला.

"गोल."

मी धावले, पडले, उठले.

"गोल पानांचा... मूर्ख कुठले... गोल."

ते लव्हाळ्यांच्या बुडाशी कुशीवर पडले होते, अर्धे पाण्यात. पाय निळे पडले होते. डायरी स्वेटरच्या आत, छातीशी. त्यांनी शरीराचं कुंपण करून एक हातभर शेवाळ झाकलं होतं, आणि त्या शेवाळात सात-आठ लाल पानं होती, थेंबांसकट. मी त्यांना मिठी मारली. त्यांनी मला ढकललं. त्या हातांत किती जोर असणार, पण ढकललं.

"बाई," ते म्हणाले, "तुम्हाला कुणी सांगितलं?"

"बाबा, मी आहे."

"कुणी सांगितलं जागेचं?"

माणसं आली, स्ट्रेचर आलं. मी "इकडून नको, इकडून नको" म्हणत राहिले, पण अंधार पडत होता आणि स्ट्रेचरला चार माणसं लागतात. ती सात-आठ पानं कुणाच्या बुटाखाली गेली, कळलं नाही. बहुतेक माझ्याच.

बाबा वाचले. डाव्या पायाची दोन बोटं गेली, छातीत कफ झाला, पण वाचले. डॉक्टर म्हणाले, नशीब. मी सगळ्यांचे आभार मानले. इन्स्पेक्टरांनी तर मला खांद्यावर थोपटून म्हटलं की बाई, तुम्ही जिद्दी, दुसरी असती तर हरली असती. गोंदमावशी डबा घेऊन आल्या आणि पायाशी बसून बाबांना बघून रडल्या.

चौथ्या दिवशी ते नीट बोलायला लागले. सकाळी सिस्टर ताप बघायला आली तेव्हा त्यांनी तिचा हात धरला.

"माझी मुलगी आली का?"

"अहो आजोबा, या काय शेजारी! चार दिवस जागच्या हलल्या नाहीत."

बाबांनी मान वळवली आणि माझ्याकडे बघितलं. खूप वेळ बघितलं, चष्मा नाकावर सरळ करून, अनोळखी झाड बघताना बघत तसं. मी हसायचा प्रयत्न केला. माझ्या हातात पेजेचा चमचा होता.

"या नव्हेत," ते सिस्टरला म्हणाले. "या त्या पोलिसांना घेऊन आलेल्या बाई."

"असं काय करता, तुमची मुलगीच आहे ही."

"नाही हो." ते सिस्टरला समजावू लागले, अगदी प्रेमाने, लहान मुलीला समजावतात तसं. "माझ्या मुलीने जागा सांगितली नसती. मेली असती, पण सांगितली नसती."

मी चमचा पुढे केला. त्यांनी तोंड भिंतीकडे फिरवलं.